सर्व्हर एरर आली, पण नोंद झाली का?

मागच्या भागात आपण दुकानाची वेबसाइट ग्राहकांच्या डेटाबेसला, म्हणजे सीआरएमला, कशी जोडायची ते पाहिलं. जोडणी झाली की काही दिवसांनी पुढचा प्रश्न येतोच: "काल सगळं चालत होतं, आज सर्व्हर एरर येतेय. आता काय करू?"

आजचा भाग या प्रश्नावर आहे. आधीच एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. एरर आली म्हणजे काम झालंच नाही, असं धरू नका. काम झालेलं असू शकतं, फक्त त्याची पोच तुमच्यापर्यंत आलेली नसते.

उदाहरण घेऊ. कुंभकोणमजवळ नाचियारकोइल नावाचं गाव आहे. तिथल्या पितळी समया प्रसिद्ध आहेत, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. समजा, अशा समया विकणाऱ्या एका दुकानाने वेबसाइट काढली. पुण्यातल्या एका ताईंनी समई मागवली आणि पैसे भरले. दुकानातल्या मुलीने ती ऑर्डर सीआरएमकडे पाठवली. पडद्यावर एरर आली. तिने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा एरर. तिसऱ्यांदा दाबलं, तेव्हा "यशस्वी" असं आलं. संध्याकाळी गोदामात तीन समया बांधून तयार, तिन्ही एकाच पत्त्यावर! मालक विचारतो, "तू काय केलंस?" आणि त्या मुलीकडे दाखवायला काहीच नसतं.

सर्व्हर एररचं खरं नुकसान हे असं असतं. मशीन पाच मिनिटांत पुन्हा सुरू होतं. चुकलेला हिशेब आणि माणसावर आलेला संशय मात्र लवकर निस्तरत नाही.

आधी रस्ता समजून घेऊ

तुमचं सॉफ्टवेअर सीआरएमला नोंद पाठवतं ते एपीआयमार्फत. एपीआय म्हणजे त्या सेवेची खिडकी समजा. बँकेच्या खिडकीवर ठरलेला फॉर्म, ठरलेले रकाने आणि ओळखपत्र लागतं, तसंच इथे. ओळखपत्राला इथे टोकन म्हणतात.

नोंदीचा प्रवास असा होतो. तुमच्या सॉफ्टवेअरने विनंती तयार केली. ती तुमच्या इंटरनेटवरून बाहेर पडली. सेवेच्या दारावरच्या सर्व्हरने ती घेतली आणि आतल्या प्रोग्रामकडे दिली. त्या प्रोग्रामने टोकन तपासलं, रकाने तपासले आणि डेटाबेसमध्ये नोंद केली. मग त्याच रस्त्याने उत्तर परत आलं.

यात जाण्याचा रस्ता आणि येण्याचा रस्ता वेगळा धरा. जाताना अडलं तर नोंद झालेली नाही. येताना अडलं तर नोंद झालेली आहे, पण तुम्हाला त्याचा पत्ता नाही. दोन्ही वेळा तुमच्या पडद्यावर एररच दिसते.

इन्नंबूरच्या हिशेबनिसाची गोष्ट

हे लक्षात राहावं म्हणून कुंभकोणमच्याच परिसरातली एक कथा सांगतो. स्वामीमलईच्या बाजूला इन्नंबूर नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या शिवाला एळुत्तरिनाथर म्हणतात, संस्कृतात अक्षरपुरीश्वर. तमिळमध्ये एळुत्तु म्हणजे अक्षर. मुलांना अक्षरओळख व्हावी, विद्या यावी म्हणून लोक त्यांना या देवळात घेऊन येतात.

तिथलं स्थळपुराण असं आहे. देवळाचा हिशेब ठेवणारा एक प्रामाणिक भक्त होता. चोळ राजाने त्याच्याकडे हिशेब मागितला. हिशेब बरोबर होता, पण राजाला संशय आला. हिशेबनीस घाबरला आणि देवाला शरण गेला. मग शिव स्वतः त्या हिशेबनिसाच्या रूपात राजाकडे गेला आणि सगळा हिशेब समजावून आला. हिशेबनिसाला याची कल्पनाच नव्हती. तो नंतर वह्या घेऊन दरबारात गेला, तेव्हा राजा म्हणाला, "तू तर हिशेब देऊन गेलास, आता पुन्हा कशाला?"

श्रद्धेने ऐकायची कथा आहे, पण आपल्या कामाचं त्यात बरंच आहे. हिशेब पोचला होता. ज्याने द्यायचा, त्यालाच ते माहीत नव्हतं. म्हणून तो दुसऱ्यांदा घेऊन गेला. राजाने आधीचा हिशेब लक्षात ठेवला होता म्हणून गोंधळ झाला नाही. सीआरएमला आपण सांगितलं नाही, तर ते लक्षात ठेवत नाही. तीनदा तीच ऑर्डर दिली तर ते तीन ऑर्डरी लिहून घेतं.

आकडा काय सांगतो

आता एररकडे येऊ. एररसोबत तीन अंकी आकडा येतो. पडद्यावर तो इंग्रजी अंकांत दिसेल. पहिला अंक सर्वांत महत्त्वाचा. २ने सुरू झाला तर विनंती स्वीकारली. ४ने सुरू झाला तर सेवेचं म्हणणं असं की, चूक तुमच्या विनंतीत आहे. ५ने सुरू झाला तर ती सांगते, अडचण आमच्या बाजूला आहे.

४च्या घरातले नेहमी भेटणारे आकडे हे:

४००: फॉर्म चुकला. तारखेच्या रकान्यात नाव गेलं, सक्तीचा रकाना रिकामा राहिला, असं काहीतरी.

४०१: ओळख पटली नाही. टोकनची मुदत संपली किंवा टोकन चुकीचं आहे.

४०३: ओळख पटली, पण हे काम करायची परवानगी तुम्हाला नाही.

४०४: तुम्ही मागितलेला पत्ता किंवा नोंद तिथे नाही.

४२९: फार घाईने फार विनंत्या पाठवल्यात, जरा थांबा.

यातला ४२९ सोडला तर बाकीच्यांत तीच विनंती जशीच्या तशी पुन्हा पाठवून उपयोग नाही. शंभरदा पाठवली तरी तेच उत्तर येईल. आधी दुरुस्ती, मग पाठवणं.

५च्या घरातले चार:

५००: आतल्या प्रोग्रामला काहीतरी झेपलं नाही. नेमकं काय, ते तो सांगत नाही.

५०२: दारावरच्या सर्व्हरला आतून धड उत्तर मिळालं नाही.

५०३: सेवा सध्या बंद आहे किंवा तिच्यावर भार जास्त आहे. कधी कधी उत्तरासोबत "इतक्या सेकंदांनी या" असंही लिहून येतं. ते लिहिलं असेल तर पाळा.

५०४: दारावरच्या सर्व्हरने आतल्या उत्तराची वाट पाहिली आणि वेळ संपली.

५०४ आला की इन्नंबूर आठवा. दारावरचा थकून थांबला, पण आतला अजून लिहीत असू शकतो. तुम्हाला एरर मिळाल्यानंतर दोन सेकंदांनी नोंद पूर्ण होऊ शकते. ५०० आणि ५०२च्या बाबतीतही नोंद झाली की नाही हे आकड्यावरून ठरवता येत नाही.

आणि कधी आकडाच येत नाही, नुसतं "जोडणी होऊ शकली नाही" असं येतं. तेव्हा बहुतेक वेळा विनंती दारापर्यंतच गेलेली नसते. इंटरनेट बंद, पत्ता लिहिताना चूक, फायरवॉलने अडवलं, सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपली, किंवा तुमच्या कॉम्प्युटरचं घड्याळच चुकीचं आहे. घड्याळाचं हसू नका. तारीख मागे असेल तर चालू प्रमाणपत्रही मशीनला अवैध वाटतं आणि जोडणी नाकारली जाते. पण विनंती गेल्यावर उत्तराची वाट पाहताना जोडणी तुटली असेल, तर पुन्हा तीच शंका उरते. तिथे "झालं नाही" असं धरू नका.

झोहोचं उदाहरण

प्रत्येक सीआरएमच्या काही स्वतःच्या रीती असतात. तमिळनाडूचीच कंपनी आहे म्हणून झोहोचं उदाहरण घेऊ. १९९६ साली ती ॲडव्हेंटनेट या नावाने सुरू झाली आणि २००९ साली झोहो झाली. तिचं सीआरएम २००५पासून आहे. आपल्याकडचे बरेच छोटे व्यावसायिक ते वापरतात.

पहिली रीत, डेटा सेंटरची. तुमचं खातं भारतातल्या डेटा सेंटरवर असेल तर एपीआयचा पत्ता डॉट इनचा असतो. अमेरिकेतल्या डेटा सेंटरचा डॉट कॉमचा. इंटरनेटवरचे बरेचसे नमुने डॉट कॉमचे असतात. ते तसेच उतरवून घेतले की टोकन खरं असूनही सेवा म्हणते, टोकन अवैध. कारण एका केंद्राचं ओळखपत्र दुसऱ्या केंद्राच्या खिडकीवर चालत नाही. टोकन घेण्याचा पत्ता आणि नोंद पाठवण्याचा पत्ता, दोन्ही एकाच केंद्राचे आहेत ना, ते आधी बघा.

दुसरी रीत, मुदतीची. कामाचं टोकन एक तास चालतं. नवं टोकन घेण्यासाठी वेगळं रिफ्रेश टोकन असतं, ते जपून ठेवायचं. जोडणी केल्यावर बरोबर तासाभराने बंद पडत असेल, तर सर्व्हरला दोष देण्याआधी इथे पाहा. उलट टोकाची चूकही होते: प्रत्येक नोंदीला नवं टोकन मागणं. ठरावीक वेळेत मोजकीच टोकनं मिळतात, मर्यादा संपली की सेवा नकार देते. एक टोकन घ्या, तासभर वापरा, संपत आलं की दुसरं घ्या.

तिसरी रीत, परवानगीच्या व्याप्तीची. फक्त वाचायची परवानगी घेतलेल्या टोकनने नोंद लिहायला गेलात तर अडवलं जाईल. यासाठी काही सेवा ४०३ देतात, काही ४०१च देतात. म्हणून आकड्याच्या खाली जो मजकूर येतो तोही वाचायची सवय लावा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच लिहिलेलं असतं.

चौथी रीत, रकान्याच्या नावाची. पडद्यावर दिसणारं नाव आणि एपीआयला लागणारं नाव वेगळं असू शकतं. सीआरएमच्या सेटिंगमध्ये एपीआय नावांची यादी मिळते, तिथून घ्या.

पाचवी गोष्ट तर फसवीच आहे. झोहोमध्ये एका विनंतीत १००पर्यंत नोंदी पाठवता येतात. उत्तरात प्रत्येक नोंदीचा निकाल वेगळा लिहिलेला असतो. ९७ झाल्या, ३ नाकारल्या, असं होऊ शकतं. तुमचा प्रोग्राम फक्त वरचा आकडा बघून "सगळं झालं" म्हणत असेल, तर त्या ३ नोंदी गेल्याच म्हणून समजा. एरर आली तरी काम झालेलं असू शकतं, आणि यश दिसलं तरी काम अर्धवट राहिलेलं असू शकतं.

पुन्हा कसं पाठवायचं

पुन्हा पाठवणं वाईट नाही. न बघता पाठवणं वाईट.

नुसती वाचायची विनंती असेल, तर ती कितीही वेळा पाठवा, डेटाबेसमध्ये काही बदलत नाही. "या ग्राहकाचा फोन नंबर अमुक करा" हेही दोनदा केलं तर निकाल एकच. धोका असतो तो "नवी नोंद करा" या विनंतीत.

त्यावर उपाय असा. प्रत्येक ऑर्डरला तुमच्याकडेच एक क्रमांक द्या, सीआरएमकडे पाठवण्याआधी. तो क्रमांक सीआरएममध्ये एका वेगळ्या रकान्यात ठेवा आणि त्या रकान्याला "एकच क्रमांक दोनदा चालणार नाही" अशी सेटिंग करा. मग नुसती नवी नोंद करण्याऐवजी "असेल तर सुधार, नसेल तर नवी कर" ही विनंती वापरा. इंग्रजीत तिला अपसर्ट म्हणतात. झोहोमध्ये ती सोय आहे, इतर बऱ्याच सेवांतही असते. आता तीच ऑर्डर तीनदा गेली तरी नोंद एकच राहील. इन्नंबूरच्या कथेत राजा जे म्हणाला, तेच आता सीआरएम म्हणेल: हे तू देऊन गेलास.

इथे फोन नंबरला ओळख करू नका. एका घरात एकाच नंबरवरून सासू आणि सून दोघी ऑर्डर देतात. नंबर ओळख धरला तर दुसरीची ऑर्डर पहिलीवर लिहिली जाईल. ग्राहकाची ओळख वेगळी, ऑर्डरची ओळख वेगळी.

अपसर्टची सोय नसेल, तर पाठवण्याआधी तो क्रमांक सीआरएममध्ये शोधा. सापडला नाही तरच पाठवा. काही सेवांमध्ये नवी नोंद शोधात दिसायला थोडा वेळ लागतो, म्हणून एरर आल्याबरोबर त्याच क्षणी शोधू नका.

दोन प्रयत्नांमधलं अंतरही वाढवत न्या. आधी १ सेकंद थांबा, मग २, मग ४, मग ८. पाच प्रयत्नांत झालं नाही तर ती नोंद बाजूच्या यादीत टाका आणि माणसाला कळवा. सेवा आधीच भाराखाली असताना सगळ्यांनी दर सेकंदाला दार ठोठावलं तर ती उठणारच नाही. अनेक शाखा असतील तर प्रत्येकीची वेळ थोडी मागेपुढे ठेवा, म्हणजे सगळ्या एकाच क्षणी धडकणार नाहीत.

शोध घेण्याचा क्रम

एरर आली की हा क्रम धरा. कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवलात तरी चालेल.

एक. वेळ, आकडा आणि खालचा पूर्ण मजकूर जसाच्या तसा लिहून ठेवा. "एरर आली होती" एवढ्यावरून कोणीच काही शोधू शकत नाही.

दोन. सगळ्याच नोंदी अडतात की एखादीच? एखादीच अडत असेल तर त्या नोंदीत काहीतरी वेगळं आहे. पत्त्यात विचित्र चिन्ह असेल, नाव फार लांब असेल, तारीख उलटी असेल. काही वेळा अशा माहितीवर ४०० ऐवजी ५०० येतो, कारण समोरच्या प्रोग्रामने ती शक्यता धरलेलीच नसते.

तीन. सगळ्याच अडत असतील तर सेवेचं स्थिती-पान उघडा. मोठ्या सेवा आपली यंत्रणा चालू आहे की बंद, हे तिथे सांगतात.

चार. स्थिती ठीक असेल, तर सर्वांत लहान विनंती करून पाहा. एकच नोंद वाचा. वाचता आली तर इंटरनेट, पत्ता आणि टोकन ठीक आहे, अडचण लिहिण्यात आहे.

पाच. शेवटचं चाललं होतं तेव्हापासून काय बदललं? कोणी सीआरएममध्ये नवा सक्तीचा रकाना वाढवला? ज्याच्या नावावर जोडणी होती तो कर्मचारी नोकरी सोडून गेला आणि त्याचं खातं बंद केलं? हे फार वेळा घडतं. जोडणी कोणा व्यक्तीच्या नावावर न ठेवता तिच्यासाठी वेगळं खातं ठेवा.

सहा. मदत केंद्राला लिहिताना वेळ, आकडा, मजकूर आणि उत्तरासोबत विनंतीचा क्रमांक आला असेल तर तोही द्या. टोकन मात्र कधीच देऊ नका, स्क्रीनशॉटमध्येही झाकून टाका. ज्याच्या हाती ते टोकन, तो तुमच्या ग्राहकांची माहिती उघडू शकतो.

रोजचा ताळा

एवढं करूनही काहीतरी सुटतंच. म्हणून दिवसाच्या शेवटी ताळा घ्या. वेबसाइटवर आज किती ऑर्डरी आल्या, पैसे किती जणांनी भरले आणि सीआरएममध्ये नोंदी किती झाल्या. तिन्ही आकडे जुळले पाहिजेत.

ताळ्याचं मोल कळण्यासाठी कुंभकोणमचीच एक मोठी घटना सांगतो. सिटी युनियन बँक ही १९०४ साली कुंभकोणम बँक म्हणून सुरू झाली, मुख्य कार्यालय आजही तिथेच आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये सायबर चोरांनी या बँकेच्या स्विफ्ट यंत्रणेत शिरून परदेशात तीन रकमा पाठवल्या, मिळून जवळपास २० लाख डॉलर. स्विफ्ट म्हणजे परदेशी बँकांशी व्यवहाराचे निरोप देण्याघेण्याची यंत्रणा. तिला जोडलेला प्रिंटर चोरांनी बंद पाडला होता, त्यामुळे व्यवहारांची पोच छापून आली नाही. ७ फेब्रुवारीला ताळा घेताना हे उघडकीला आलं. लगेच हालचाल झाली आणि तीनपैकी एक रक्कम वाटेतच अडवून परत मिळवता आली.

ती घटना चोरीची होती, आपल्या साध्या सर्व्हर एररची नाही. पण आपल्या उपयोगाचं त्यात दोन गोष्टी आहेत. पोच आली नाही म्हणजे "मशीन बिघडलं असेल" म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि मशीन गप्प असलं तरी ताळा बोलतो.

आता समईच्या दुकानातल्या त्या मुलीकडे पुन्हा बघा. तिच्याकडे ऑर्डर क्रमांक आहे, प्रत्येक प्रयत्नाची वेळ आणि आकडा लिहिलेला आहे, संध्याकाळचा ताळा आहे. मालकाने विचारलं तर ती वही पुढे करेल: "दुपारी इतक्या वाजता ५०४ आला, मी शोधून पाहिलं, नोंद झाली होती, म्हणून पुन्हा पाठवली नाही." तिला आता कोणापुढे शपथा घ्यायची गरज नाही.

आजच्या भागाचं काम एवढंच आहे. आज रात्री तुमच्या सीआरएममध्ये ऑर्डर क्रमांकाचा रकाना आहे का ते बघा. नसेल तर करा आणि उद्या संध्याकाळी पहिला ताळा घ्या. पुढच्या भागात आपण आधीच दोनदा-तीनदा झालेल्या नोंदी एकत्र कशा करायच्या ते पाहू.